नेमके पन्नास

वहिनीनं अकराशे अंडी यंत्रात लावली त्याच दिवशी आभाळ भरून आलं आणि पुढे तीन आठवडे तसंच राहिलं. पाऊस नाही, ऊन नाही. पाऊस पडला असता तर निदान कुणाच्या तरी कामी आला असता. सकाळी उठून बघावं तर वर मळकी गोधडी, दुपारी बघावं तर तीच गोधडी.

आमचं घर उबवणीचं. पुढच्या खोलीत कपाटाएवढं यंत्र आहे. आत ऊब देणारी तार, एक पंखा आणि दर दोन तासांनी ट्रे तिरपे करणारी छोटी मोटर. आजूबाजूच्या वस्त्यांतली माणसं अंडी देतात, वहिनी एकविसाव्या दिवशी पिल्लं देते. कुणाचं अंडं कुठलं हे कळावं म्हणून प्रत्येकावर पेन्सिलीनं त्या घराची खूण असते. कुणाची फुली, कुणाचं टिंब, कुणाच्या दोन रेघा. या खेपेला सव्वीस घरांच्या खुणा होत्या. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, ती अंडी भुशात घालून सायकलवरून आणली होती, आणि मोडलेल्या रस्त्यावर तो सायकल हातात धरूनच चालला होता. पलीकडच्या खोऱ्यात नवी उबवणी निघाली होती, तिथलं यंत्र आमच्या दुप्पट. आमची ही खेप फसली की सव्वीस घरं तिकडे जाणार आणि परत येणार नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आई तर दिवसातून दोनदा बोलूनही दाखवायची.

मी वेल्डर. जेवायला-झोपायला घरी, दिवसभर गावाच्या दुसऱ्या टोकाला माझ्या शेडमध्ये.

आता विजेचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाहेरची तार आमच्या गावाला कधी आलीच नाही. तीन वर्षांपूर्वी एक बाई आली आणि तिनं पाच ठिकाणी पाच पेट्या बसवल्या. शाळा, गिरणी, विहीर, माझी शेड आणि आमचं घर. छपरावर पत्रे, म्हणजे सौर पत्रे, खाली बॅटरी आणि भिंतीवर पेटी. बॅटरीतली वीज तारेवर सोडायची हे पेटीचं काम. पाचही पेट्या एकाच तारेला जोडलेल्या आणि त्या तारेवर सगळं गाव. प्रत्येक पेटीला एक राखणदार. राखणदारानं पत्रे पुसायचे आणि रोज दिवेलागणीला पेटीवरचा आकडा वहीत लिहायचा.

तो आकडा पन्नासच्या आसपास असतो. बाई म्हणाली होती, हा विजेचा ठोका, नाडीसारखा, सेकंदाला पन्नास. ओझं वाढलं की ठोका जरा मंद होतो, एकोणपन्नास पूर्णांक सहा, सात. सगळ्या तारेवर ठोका एकच, त्यामुळे तो मंदावला की पाचही पेट्यांना एकदम कळतं आणि जिची जेवढी ताकद तेवढा ती जोर लावते. एकमेकींना निरोप धाडावा लागत नाही, वर कुणी मुकादम लागत नाही. तीन वर्षं हे असं चाललं. संध्याकाळी दिवे लागले की आकडा थोडा वाकायचा, सकाळी सरळ व्हायचा. कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं ते मास्तरांचं. मास्तर शाळेतून निवृत्त झाले, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. वीज समितीचे ते अध्यक्ष आणि शाळेच्या पेटीचे राखणदार. दर शनिवारी पाच वह्या मागवायचे आणि सगळ्यांसमोर वाचायचे. एकोणपन्नास पूर्णांक सहा म्हटलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा की वाटावं, कुणाच्या पोरानं गणितात चार मार्क घालवलेत. "पन्नास म्हणजे पन्नास," म्हणायचे, "एकोणपन्नास म्हणजे नापास."

त्यांनी पेटीबरोबर आलेलं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, तांबड्या शाईनं रेघा ओढल्या आणि जे करायला नको नेमकं तेच शोधून काढलं. पेटीत एक सोय होती. ती चालू केली की कितीही ओझं येवो, पेटी आकडा वाकू देत नाही, पन्नासवर ओढून धरते. अंडी लावल्याच्या तिसऱ्या दिवशी मास्तर माझ्या शेडमध्ये आले. "तुझ्याकडे बारीक स्क्रू-ड्रायव्हर आहे ना? चल."

पाचही पेट्यांची सोय मी माझ्या हातानं चालू केली. घरच्या पेटीपाशी वहिनी अंडी हातात घेऊनच उभी होती. तिनं विचारलं, "भाऊजी, यानं यंत्राला काही होणार नाही ना?" मी म्हटलं, "झालं तर चांगलंच होईल." तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

पाचव्या दिवशी दुपारी घरची पेटी बसली, म्हणजे बंद पडली. बॅटरी रिकामी. पेटी बसली तशी गावभर दिवे लुकलुकले, गिरणीच्या मोटरचा आवाज आधी खाली गेला, मग वर चढला, परत खाली. गिरणीवाली दळण अर्धं टाकून बाहेर आली. पंधरा मिनिटांनी सगळं जाग्यावर आलं, पण आमचं यंत्र जपून वागणारं. ठोका वेडावाकडा झाला की ते स्वतःहून बंद पडतं आणि माणसानं बटण दाबल्याशिवाय चालू होत नाही. वहिनी तेव्हा विहिरीवर होती. ती येईपर्यंत आतला काटा साडेसदतीसवरून तेहेतीसवर उतरला होता.

शनिवारी वह्या वाचल्या गेल्या. शाळा, नेमके पन्नास. गिरणी, पन्नास पूर्णांक शून्य एक. विहीर, तेवढंच. माझी शेड, पन्नास पूर्णांक शून्य दोन. आणि आमचं घर, एकोणपन्नास पूर्णांक अठ्ठ्याण्णव.

"केसभर का होईना, कमी ते कमीच," मास्तर म्हणाले. "आणि बॅटरी रिकामी होतेय ती याच घरची. म्हणजे खाणारं तोंड कुठं आहे ते सांगायला ज्योतिषी नको." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि हा बघा. त्याच घरातला. पण याचा आकडा वर. पेटी राखावी तर अशी."

सातवीत याच मास्तरांनी मला तीन महिने वर्गाच्या दाराबाहेर उभं केलं होतं. मी मान खाली घातली, पण पायापासून डोक्यापर्यंत गोड वाटलं. खोटं कशाला बोलू.

पुढचे दिवस घरात असे गेले. पेटी कधी सकाळी बसायची, कधी दुपारी. पेटी बसली की यंत्र बंद. बटण दाबून परत ऊब धरेपर्यंत तास-दीड तास. मधेच बारकी मोटर जळाली, मग ट्रे हातानं फिरवायचे. फिरवणारा दांडा अडकायचा, म्हणून वहिनी एकेक ट्रे बाहेर ओढायची, अंडी हातानं कुशीवर वळवायची आणि आत ढकलायची. अकराशे अंडी, दिवसातून चार वेळा. खालचे ट्रे गुडघ्याखाली, वरचे डोक्याच्या वर. हे सुरू झाल्याच्या चौथ्या दिवशी तिची कंबर धरली. आईनं तिला पदर घट्ट बांधायला सांगितला आणि स्वतः स्टुलावर बसून खालचे ट्रे घेतले. आईला दिसतं कमी, पण अंड्याची ऊब ती पापणीला लावून ओळखते. दर थोड्या वेळानं एखादं अंडं उचलायची, पापणीला टेकवायची आणि म्हणायची, "थंड आहे गं." वहिनी म्हणायची, "ठाऊक आहे."

दादा छपरावरचे पत्रे दिवसातून तीनदा पुसायचा. आभाळातच काही नव्हतं तर पत्रे पुसून काय होणार, पण माणसाला हात चालता लागतो.

नवव्या दिवशी मास्तर समितीतले दोघं घेऊन घरी आले. जोडे बाहेर काढले, पाणी घेतलं, घराची झडती घेतली. झडती हा शब्द त्यांनी वापरला नाही, "पाहणी" म्हणाले. खोल्यांतले दिवे मोजले. कपाट उघडलं. एकानं वाकून खाटेखाली पाहिलं.

"तिथं आमची विजेची भट्टी लपवलीय," आई म्हणाली. "नीट बघ, तुझ्या बापालाही कधी सापडली नाही."

तो माणूस धूळ झटकत उठला. मास्तर हसले नाहीत. "काकू, आम्हाला गावाचं बघायचंय," म्हणाले. "एका घरापायी सगळं गाव झुलतंय."

"माझ्याकडे दुसरं काहीच चालत नाही, मास्तर," वहिनी म्हणाली. "यंत्र आणि दोन दिवे. तीन वर्षं तेच आहे. तेच यंत्र, तीच बॅटरी. मग आत्ताच का रिकामी होते?"

"तेच तर शोधायचंय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी यंत्र सोडून घरातल्या सगळ्या सॉकेटांवर खळीनं कागदाच्या पट्ट्या चिकटवून घेतल्या. पट्टीवर तारीख आणि सही. आईच्या उशाशी पंखा होता, त्याच्यावरसुद्धा. माणसं गेल्यावर वहिनीनं गॅसवर चहा ठेवला. दादा म्हणाला, "चोर सोडून संन्याशाला फाशी." वहिनी म्हणाली, "चोर आहे कुठं? तेच तर कळत नाही."

बाराव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, मला कळलं.

मी शेडमध्ये विहिरीच्या फाटकाचं बिजागर जोडत होतो. वेल्डिंग मशीन वीज ढोसतं, दोन कांड्या जाळल्या की एरवी माझ्या बॅटरीचा एक दिवा विझतो. चार हिरवे दिवे असतात, भरलेली असली की चारही. त्या दिवशी मी सहा कांड्या जाळल्या आणि सहज पेटीकडे पाहिलं. चारही हिरवे. अकरा-बारा दिवस ऊन नव्हतं. मी गॉगल कपाळावर चढवला आणि जवळ गेलो. पेटीवर एक बाण असतो. पेटी तारेला वीज देत असली की बाण बाहेर, घेत असली की आत. बाण आत होता. मशीन मी बंद केलं होतं, पत्र्यांवर अंधार, आणि माझी बॅटरी तारेवरची वीज पीत होती.

मी पुस्तकं वाचलेली नाहीत, पण एवढं समजायला पुस्तक लागत नाही. माझी पेटी म्हणत होती, आकडा पन्नासच्या वर आहे, खाली ओढायला हवा, म्हणून ती तारेवरून वीज खात होती. घरची पेटी म्हणत होती, आकडा पन्नासच्या खाली आहे, वर ढकलायला हवा, म्हणून ती बॅटरी संपेपर्यंत जोर लावत होती. आणि तार तर एकच. घरची पेटी गाव ओढत होती, वर मलाही पाजत होती. आणि नाव तिचंच खराब.

मी बाणाकडे बघत उभा राहिलो. मग कांडी लावली आणि बिजागराचं काम पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. शाळेच्या खोलीत वह्या वाचल्या गेल्या. मास्तर म्हणाले, समितीनं ठरवलंय, यापुढे पाचही पेट्यांची देखभाल एकाच जाणत्या माणसाकडे द्यायची, आणि माझं नाव घेतलं. लोकांनी माझ्याकडे पाहिलं. गिरणीवाली म्हणाली, "चांगला आहे. हात साफ आहे त्याचा." दादा मागच्या बाकावर बसला होता, तोसुद्धा हसला. आठ दिवसांत घरातलं कुणी हसलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो.

तोंड उघडायची वेळ तीच होती. बाण आत वळलाय, एवढे तीन शब्द. पण ते बोललो असतो तर माझा पन्नास पूर्णांक शून्य दोन हा आयत्या बिळावरचा नागोबा आहे हे मलाच सांगावं लागलं असतं, आणि ती सोय पाची पेट्यांत माझ्याच हातानं चालू केली होती. मी मनाशी म्हटलं, आधी खात्री करू. सोमवारी बघू. सोमवारी म्हटलं, ऊन पडलं की आपोआप निभेल. मी मूग गिळून बसलो. याला दुसरा शब्द नाही.

सतराव्या दिवशी समितीनं घरची पेटी काढून शाळेत ठेवायचा ठराव केला. यंत्र तारेवर चालेल, पण पेटी या घरात नको. काढायचं काम अर्थातच माझं, मी जाणता माणूस.

मी पाना घेऊन घरी गेलो तेव्हा वहिनी ट्रे फिरवत होती. तिनं हात पुसले आणि भिंतीपाशी येऊन उभी राहिली. मी एकेक स्क्रू काढत गेलो, ती तळहात पुढं धरायची, मी त्यावर ठेवायचो. आठ स्क्रू. शेवटचा निघताना पेटीचं वजन माझ्या खांद्यावर आलं, तर तिनं दुसऱ्या हातानं खालून आधार दिला.

"सांभाळून, भाऊजी," म्हणाली. "बोटं चेमटतील."

तेव्हा सांगितलं असतं तरी तीन दिवस वाचले असते. मी स्क्रू खिशात घातले आणि पेटी दादाच्या सायकलवर बांधली.

अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद करायचं असतं. पिल्लू आत बाहेर यायच्या तयारीला लागतं, त्याला हलवायचं नाही. वहिनीनं अंडी खालच्या जाळीवर आडवी मांडली आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा पाय पसरून भिंतीला टेकून बसली. त्या दिवशी वीज गेली नाही. गाव म्हणालं, बघा, पेटी काढली आणि सुरळीत झालं.

एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या वहीत मास्तरांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात एकोणपन्नास पूर्णांक नव्याण्णव लिहिलं. आता सगळ्यांत खालचा आकडा शाळेचा होता.

विसाव्या दिवशी उजाडताना शाळेची बॅटरी संपली. या वेळी दिवे लुकलुकून सावरले नाहीत. ठोका इतका झोकांड्या खायला लागला की गिरणीची पेटी बसली, विहिरीची बसली आणि माझीही बसली. माझी बॅटरी भरलेली होती, तरी तारेवरचा गोंधळ पाहून पेटीनं स्वतःला तोडून घेतलं. सगळं गाव बंद.

मी घरी होतो. वहिनी यंत्राचं दार उघडून आत हात घालून बसली होती. कवचांना बारीक तडे गेले होते. आतून टोचल्याचा आवाज येत होता, आणि मधूनच एखादं पिल्लू आतल्या आत चिवचिवायचं. आई म्हणाली, "दार लाव, ऊब जातेय." वहिनी म्हणाली, "ऊब उरलीच कुठं?"

मग घरात जे होतं ते निघालं. गोधड्या, शाली, दादाचं स्वेटर. दादानं चुलीत विटा तापवल्या, फडक्यात गुंडाळून जाळीखाली ठेवल्या. आईनं मांडीवर सुपात तीस-चाळीस अंडी घेतली आणि वरून अंगावरचं पांघरूण ओढलं. वहिनीनं तडा गेलेली अंडी निवडून ओच्यात धरली आणि चुलीकडे पाठ करून उकिडवी बसली. ती जागची हलली नाही. वीट गार झाली की दादा बदलायचा. मला कुणी काही सांगितलं नाही. मी कशाला हात लावू हेच मला कळेना.

"मी शेडमध्ये जातो," म्हटलं.

"आता शेडमध्ये काय ठेवलंय?" दादा म्हणाला.

"वीज," मी म्हटलं. "भरलेली बॅटरी. पहिल्यापासून भरलेलीच आहे. बाण आत वळलेला आहे माझा. घरची वीज माझ्याकडे जात होती."

दादाच्या हातात तापलेली वीट होती. ती त्यानं फडक्यासकट खाली ठेवली. वहिनीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग ओच्यातल्या अंड्यांकडे पाहिलं. "मग जा ना," म्हणाली. "उभे काय राहिलात."

मी पळत गेलो. पेटी उघडली, मास्तरांची सोय बंद केली, बाईनं बसवलं होतं तसं केलं आणि पेटी चालू केली. माझ्या एकट्या पेटीवर गावाचं ओझं आलं. आकडा एकोणपन्नास पूर्णांक चारवर गेला आणि तिथं टिकून राहिला. हलला नाही. मग गिरणीत गेलो. गिरणीवालीला म्हटलं, "ताई, मी तुझी पेटी फिरवतो, तू फक्त मोटरचा आवाज ऐक." तिनं डोळे मिटले. पेटी जोडली तशी म्हणाली, "सरळ आहे. जडशी आहे, पण सरळ आहे." विहिरीची केली. शेवटी शाळेत गेलो.

मास्तर बाकावर बसले होते, वही मांडीवर. मला पाहून म्हणाले, "माझ्याकडे काहीच चालत नाही रे. एक दिवा. फक्त एक दिवा आहे इथं."

"ठाऊक आहे," मी म्हटलं आणि बाणाचं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. वहीची पानं मागे उलटली, शनिवारी उतरवून घेतलेल्या आमच्या घरच्या आकड्यांवरून बोट फिरवत गेले. अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं, तिथं त्यांचाच आकडा होता. "बदल," म्हणाले. "तिची पेटी पण घेऊन जा. मी येतो धरायला." सत्तरीचा माणूस सायकलचा मागचा भाग धरून आमच्या घरापर्यंत चालत आला. दारात पोचल्यावर वहिनीला नमस्कार केला. वहिनी ओचा सांभाळत बसली होती, तिला हात जोडता येईनात. मास्तर पंख्याच्या सॉकेटवरची पट्टी नखानं खरवडून काढायला लागले. ती काही नीट निघेना.

नंतर फोन लागला तेव्हा पेट्या बसवणाऱ्या बाईनं समजावलं. प्रत्येक पेटीत ठोका मोजणारं आपलं घड्याळ असतं आणि पाच घड्याळं कधी तंतोतंत जुळत नाहीत, म्हणाली, केसभर पुढंमागं असतातच. प्रत्येकानं जरा वाकायची तयारी ठेवली तर तो फरक निभून जातो. पाचही जणांनी आपलंच खरं धरलं तर जो केसभर मागे, तो धावून धावून मरतो. "पुस्तकात लिहिलंय हे," म्हणाली. "ती सोय एकाच पेटीला चालू करायची असते." मास्तरांनी पुस्तक काढून पाहिलं. लिहिलं होतं. त्या ओळीखाली तांबडी रेघ नव्हती.

एकविसाव्या दिवशी आणि बाविसाव्या दिवशी सकाळपर्यंत पिल्लं आली. सहाशे बारा. ओली, लटपटणारी, एकमेकांच्या अंगावर पडणारी. लोक टोपल्या घेऊन आले, आपापल्या खुणेप्रमाणे घेऊन गेले. ज्याची दहा होती त्याला सहा मिळाली, कुणाला चार. कुणी भांडलं नाही, विजेचं सगळ्यांना कळलं होतं. सव्वीसपैकी अकरा घरं म्हणाली, पुढच्या खेपेला परत देतो. बाकीची काही बोलली नाहीत.

दुपारी वहिनीनं उरलेली अंडी परसात काढली. उबवणीवाले न फुटलेली अंडी तशीच फेकत नाहीत. एकेक फोडून बघतात, पिल्लू कितव्या दिवशी गेलं ते, म्हणजे पुढच्या खेपेला चूक कळते. ती दगडापाशी बसली, मी बादलीत पाणी आणून तिच्या शेजारी बसलो. तिनं सांगितलं नव्हतं, पण उठा असंही म्हणाली नाही. वास भयंकर होता. ती एकेक अंडं टिचवायची, कवच उघडायची, आत बघायची. नुसता काळा डोळा दिसला की म्हणायची, "पाचवा." पाय आणि बोटं दिसली की, "आठवा, नववा." मग लव फुटलेली यायला लागली. "बारावा लागला की लव दिसते," म्हणाली. "ही बघा. ही चौदाव्याची असेल." पुढं पुरं भरलेली पिल्लं, चोच कवचाला टेकलेली, पिवळी.

बरीच फोडून झाल्यावर तिनं हात पाण्यात बुडवले.

"भाऊजी, तुम्हाला कधी कळलं?"

"काय?"

"बाण आत वळलाय ते."

खोटं बोलता आलं असतं. विसाव्या दिवशी म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं, ती तशी आहे. पण हात तिच्यासारखेच बरबटलेले होते, आणि मला फार लाज वाटत होती.

"बाराव्या दिवशी," म्हटलं. "शुक्रवारी दुपारी."

तिनं पडवीतून दोन टोपल्या आणल्या आणि फोडलेली सगळी परत चाळायला लागली. ज्यांना लव नव्हती ती एका टोपलीत, ज्यांना लव फुटली होती ती दुसरीत. घाई नाही, राग नाही. डाळ-खडे निवडावेत तसे तिचे हात चालत होते. कवचांवर पेन्सिलीच्या फुल्या, टिंबं, रेघा होत्या. पहिली टोपली अर्धीही भरली नाही. दुसरी भरली, वर ढीग झाला. मग ती आत जाऊन घमेलं घेऊन आली आणि तेही भरलं.

पहिल्या टोपलीला तिनं हात लावला. "ही मास्तरांची," म्हणाली.

मग दुसरी टोपली आणि घमेलं माझ्याकडे सरकवलं. "आणि ही आपली. उचला. खड्डा खोल घ्या, नाहीतर कुत्री उकरतात."

मी टोपली डोक्यावर घेतली, घमेलं काखेत धरलं आणि कुदळ आणायला गेलो.